एकशेवीस पानांचा हिशेब

दशावतारी गंजिफा या हातानं रंगवलेल्या पत्त्यांच्या एका जोडात १२० पानं असतात. दहा अवतार, आणि प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान, शिवाय एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा साधी पानं. साध्या पानावर अवताराची खूण तितक्या वेळा काढलेली असते: मत्स्याच्या नव्वीवर नऊ मासे, कूर्माच्या सत्तीवर सात कासवं. एका अवताराच्या खुणा मोजल्या तर ५५ भरतात, दहांच्या मिळून ५५०. सावंतवाडीच्या राजवाड्यात दरबार हॉलमध्ये बसलेले कारागीर आजही या खुणा ब्रशनं, एकेक करून रंगवतात.

ही कला जवळजवळ गेलीच होती. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून ती स्वतः शिकून घेतली आणि १९७१ मध्ये सावंतवाडी लॅकरवेअर्स सुरू करून नव्या मुलांच्या हाती दिली. २०२४ मध्ये सावंतवाडी गंजिफ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, दगडानं घोटून गुळगुळीत करायचं, मग रंग आणि शेवटी लाख. असा जोड कपाटात ठेवायचा असतो. चहाचा कप शेजारी ठेवून तीन जणांनी रात्रभर खेळायचा तर छापील जोड हवा. आणि छापील म्हटलं की आजकाल बोर्डगेम करू पाहणारा प्रत्येक जण जो प्रश्न सर्वांत आधी विचारतो, तोच इथंही समोर येतो: काम करायचं कशात?

असे विचारणारे आता बरेच झाले आहेत. झैन मेमन यांच्या ‘शासन’ या निवडणुकांवरच्या खेळानं २०१९ मध्ये किकस्टार्टरवरून जगभरातून पैसे उभे केले, तेव्हापासून इथल्या इंजिनिअर, शिक्षक, आर्किटेक्ट मंडळींच्या डोक्यात स्वतःचा खेळ काढायचा किडा वळवळू लागला आहे. उत्तरं ठरलेली असतात. चित्रकार मित्र फोटोशॉप सांगतो, भाचा कॅनव्हा सांगतो, आणि छापखान्यातला ऑपरेटर मान वर न करता म्हणतो, “कोरलमध्ये आणा.” तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि तिघांचंही ऐकलं तर काम अडकतं. कारण तिघंही चित्राचा विचार करत असतात. खेळाच्या साहित्यात चित्र असतंच, पण त्याहून जास्त असते ती पुनरावृत्ती, दुरुस्ती आणि कापणी. सॉफ्टवेअर निवडायचं ते या तिन्हींकडे बघून.

गंजिफ्याचंच घ्या. १२० पानं, म्हणजे १२० चित्रं असं वाटतं. प्रत्यक्षात राजे आणि प्रधान मिळून २० चित्रं खरी. बाकीची १०० पानं ही दहा खुणांची मांडणी. म्हणजे काढायच्या गोष्टी ३०. ती २० चित्रं आणि त्या १० खुणा या दोन वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत, आणि त्यांना दोन वेगळी अवजारं लागतात.

राजाचा चेहरा, हत्ती, रथ, वस्त्रावरची नक्षी हे सगळं रंगाच्या थरांचं काम. कागदावर रंगवून ६०० डीपीआयला स्कॅन करा किंवा थेट पडद्यावर काढा. ते ठिपक्यांचं चित्र असतं. इथं फोटोशॉप अव्वल आहेच. पण फुकटातलं क्रिता हे चित्रकारांसाठीच केलेलं आहे, त्याचे ब्रश उत्तम आहेत, आणि ते छपाईच्या चार रंगांत, म्हणजे सीएमवायकेत, मुळापासून काम करू देतं. गिंप जुनं, बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेलं. फोटो साफ करायला, स्कॅनवरचे डाग काढायला झकास. रंगवायला बसाल तर क्रिता बरं.

खुणेचं मात्र वेगळं. मासा रेषांनी बांधलेला असावा, म्हणजे पानावर आठ मिलिमीटर आणि पेटीवर आठ सेंटिमीटर, दोन्हीकडे धार तीच राहते. यासाठी इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ, ॲफिनिटी किंवा इंकस्केप. इंकस्केप २००३ मध्ये सोडिपोडी नावाच्या जुन्या प्रकल्पातून फुटून निघालं. ते पूर्णपणे फुकट आहे आणि त्यात ‘क्लोन’ नावाची सोय आहे. एक मासा काढायचा, त्याचे ५४ क्लोन पसरायचे. उद्या शेपटी बदलावीशी वाटली तर मूळ माशाची बदला, सगळ्यांची बदलते. इतरांमध्ये हेच ‘सिम्बॉल’ नावानं मिळतं.

इथंच एक गोची आहे. ५५ मासे तंतोतंत सारखे झाले की पान मेलं. हाताच्या गंजिफ्यात प्रत्येक मासा किंचित वेगळा वळतो, एखाद्याचा डोळा मोठा होतो, आणि त्या नव्वीकडे बघताना पाण्यात काहीतरी हलतंय असं वाटतं. यावर माझा उपाय साधा आहे: प्रत्येक खुणेची चार रूपं हातानं काढायची, स्कॅन करून त्यांच्या रेषा बांधायच्या आणि पानावर आलटूनपालटून टाकायची. ४० खुणांचं काम वाढतं, पण ५५० वाचतात. हल्ली कुणी म्हणेल, एआयला सांगा. नऊ मासे सांगितले की ते कधी आठ काढतं, कधी दहा, आणि पत्त्यांच्या खेळात नव्वीवर दहा मासे म्हणजे भांडणाला आमंत्रण.

आता मांडणी. ही पायरी बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. १२० पानं १२० फायलींत केली, किंवा एकाच फायलीत १२० लेयर टाकले, की पहिल्या चाचणीनंतर रडायची पाळी येते. चाचणीत कळतं की आकडा दिसत नाही, खूण मोठी हवी, वामनाच्या रंगाची कल्कीच्या रंगाशी गल्लत होते. मग १२० वेळा तीच दुरुस्ती. दुसऱ्या चाचणीनंतर पुन्हा. फोटोशॉपमध्ये हे करणारी हुशार माणसं मी पाहिली आहेत आणि तिसऱ्या फेरीला त्यांचा खेळातला रस संपलेलाही पाहिला आहे.

धंद्यातले लोक हे तक्त्यात करतात. एक्सेल किंवा लिब्रेऑफिसच्या तक्त्यात एका पानाला एक ओळ: अवतार, दर्जा, पार्श्वभूमीचा रंग, खुणेची फाईल, मजकूर. साचा एकदाच आखायचा आणि सॉफ्टवेअरनं तक्ता वाचून सगळी पानं ओतायची. लग्नाच्या पत्रिकांवर पाहुण्यांची नावं टाकणारा कोरलचा ऑपरेटर हेच ‘प्रिंट मर्ज’नं करतो, इनडिझाइनमध्ये त्याला डेटा मर्ज म्हणतात, ॲफिनिटीतही आहे. खास खेळांसाठीचीही साधनं आहेत. इटलीच्या आंद्रेआ निनी यांचं नॅनडेक हे विंडोजवर चालतं, फुकट आहे, दिसायला जुनाट आहे आणि छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते; पण एकदा जमलं की बटण दाबताच अख्खा जोड ए-४ च्या पानांवर मांडून समोर. प्रोग्रॅमिंगची भीती नसणाऱ्यांसाठी अँडी मेनिली यांचं स्क्विब आहे, रुबी भाषेतलं.

तक्त्यावर किती काही उभं राहू शकतं याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा २०१९ चा ‘विंगस्पॅन’. पक्ष्यांचे १७० वेगवेगळे पत्ते, प्रत्येकावर अधिवास, पंखांचा पसारा, अंडी, खाणं, आणि पक्ष्याच्या खऱ्या सवयीला जुळणारी खेळातली करामत. हारग्रेव्ह यांनी पक्ष्यांचा भलामोठा तक्ता आधी केला. नतालिया रोहास आणि आना मारिया मार्टिनेझ यांची देखणी चित्रं त्या तक्त्यातल्या रकान्यांना येऊन बसली. चित्रं आधी आणि नियम मागून असं केलं असतं तर अर्धे पक्षी फुकट गेले असते.

म्हणूनच पहिल्या महिन्यात कुठलंच सॉफ्टवेअर उघडू नये, असं मी सरळ सांगतो. जुने पत्ते घ्या, प्लॅस्टिकची पाकिटं घ्या, कागदाचे चौकोन कापून पेन्सिलीनं लिहा आणि पाकिटात पत्त्यापुढे सरकवा. दूरच्या मित्रांबरोबर तपासायचं असेल तर टेबलटॉप सिम्युलेटरवर दहा स्तंभ आणि सात ओळींची दोन मोठी चित्रं चढवली की जोड तयार. नॅनडेक किंवा स्क्विब ती चित्रंही त्याच तक्त्यातून काढून देतं.

गंजिफ्याच्या पानांवर अक्षरं नसतात म्हणून तिथं आपण सुटतो. नियमांच्या पुस्तिकेत, पेटीवर, किंवा मजकुराचे पत्ते असलेल्या कुठल्याही मराठी खेळात मात्र देवनागरी सॉफ्टवेअरची परीक्षा घेते. परीक्षा सोपी आहे. नवं सॉफ्टवेअर उघडल्याबरोबर त्यात लिहायचं: ‘दुसऱ्या खेळाडूनं विठ्ठलाचा राजा टाकल्यास पहिल्यानं आपल्या स्थितीचा विचार करून अर्धी पानं उचलावीत.’ ‘ऱ्या’मधला तिरपा र नीट चिकटला का, ‘ठ्ठ’ जोडला गेला का, ‘स्थि’ची वेलांटी स च्या आधी गेली का, ‘र्धी’चा रफार आणि वेलांटी एकमेकांवर चढले का, एवढं बघायचं. इंकस्केप आणि गिंप यात सहसा पास होतात, कारण अक्षरजुळणीचं काम ते पँगो या प्रणालीकडे सोपवतात. स्क्विबही तेच करतं. इनडिझाइन आणि फोटोशॉपला हे येतं, पण वर्ल्ड-रेडी नावाचा पर्याय निवडावा लागतो, आणि तो कुठल्या मेन्यूत दडलाय हे शोधण्यात एक सकाळ जाते. ॲफिनिटीची दुसरी आवृत्ती देवनागरीत सपशेल नापास व्हायची. इतकं देखणं सॉफ्टवेअर आणि वेलांटी भलतीकडे.

आपल्या छापखान्यांत याहून जुनी एक अडचण आहे. कित्येक ठिकाणी कोरल आणि श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्ट हीच जोडी अजून राज्य करते. हे फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. त्यातली अक्षरं सुरेख असतात, ऑपरेटरचा हातही त्यांवर बसलेला असतो. पण तोच मजकूर तक्त्यात टाकला की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. शोधता येत नाही, क्रमानं लावता येत नाही, एका पत्त्यावरचा ‘हुकूम’ शोधून १२० ठिकाणी बदलता येत नाही. तक्त्यावर काम करायचं तर युनिकोडच हवा. त्यासाठी चांगल्या फॉन्टचा दुष्काळ आता राहिलेला नाही. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त, बलू, मोदक असे फॉन्ट मोफत आणि मुक्त परवान्यावर मिळतात. मोदक नावाप्रमाणेच गुबगुबीत. पेटीवर शोभतो, नियमांच्या परिच्छेदात वापरला तर वाचणाऱ्याचा जीव गुदमरतो. नियमांना मुक्त.

पैशाचं बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. कोरलड्रॉ १९८९ मध्ये कॅनडातल्या ओटावात जन्मलं आणि आपल्या फ्लेक्स-पत्रिका-हँडबिलांच्या दुनियेत ते इतकं मुरलं की ‘कोरल’ म्हणजेच डीटीपी असं अनेकांना वाटतं. ॲडोबीनं २०१३ मध्ये एकदाच विकत घ्यायची पद्धत बंद करून भाडं सुरू केलं. ज्याला रोज त्यातच काम आहे त्याला ते परवडतं. वर्षाकाठी एखादा खेळ करणाऱ्याला महिन्यामहिन्याचं भाडं म्हणजे न राहत्या खोलीचं भाडं. नॉटिंगहॅमच्या सेरिफ कंपनीनं २०१४ पासून ॲफिनिटी एकरकमी किमतीत देऊन अनेकांचा दुवा घेतला. २०२४ मध्ये कॅनव्हानं ती कंपनी घेतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ॲफिनिटी फुकट करून टाकलं. फुकट म्हणजे कॅनव्हाच्या खात्यात शिरून. आज आहे, वापरा. पण पाच वर्षांनी खेळाची दुसरी आवृत्ती काढताना मूळ फाईल उघडेल का, हा प्रश्न स्वतःला विचारून ठेवा. इंकस्केपची एसव्हीजी फाईल कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते, हा त्याचा मला वाटणारा सर्वांत मोठा गुण. चोरीची कोरल आणि फोटोशॉप किती संगणकांवर आहेत ते सर्वांना ठाऊक आहे. स्वतःचा खेळ कुणी कॉपी करू नये असं वाटणाऱ्यानं निदान तिथून सुरुवात करू नये.

आता फाईल घेऊन छापखान्यात जाऊ. इथं फुकटच्या साधनांचं खरं दुखणं कळतं. इंकस्केप मुळात पडद्याच्या तीन रंगांत काम करतं. त्याच्या काळ्या अक्षराची फाईल चार रंगांत वळवली की काळा एकट्या काळ्या शाईचा न राहता चारही शायांचा बनतो. ऑफसेटवर चार प्लेटा केसभर सरकल्या की बारीक मात्रांना एका बाजूनं गुलाबी आणि दुसरीकडून निळी झालर लागते. मोठ्या शीर्षकाला ते खपतं, आठ पॉइंटच्या नियमांना नाही. तोडगा असा: चित्रं आणि खुणा जिथं हव्यात तिथं करा, पण अंतिम मांडणी स्क्रायबसमध्ये आणा, अक्षरं तिथंच टाका, त्यांना शंभर टक्के काळी शाई द्या आणि पीडीएफ-एक्स काढा. स्क्रायबस खडूस आहे, पण छपाईची भाषा त्याला कळते. इनडिझाइन असेल तर हा सगळा द्राविडी प्राणायाम लागत नाही, हेही मान्य केलं पाहिजे. ऑपरेटर “कर्व्ह करून द्या”, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून द्या, म्हणेल. द्या, पण कर्व्ह न केलेली प्रत घरी ठेवून.

रंगांचंही तसंच. पडद्यावरचा झगझगीत केशरी आणि पोपटी कागदावर मंदावतात. गंजिफ्यात दहा अवतारांना दहा पार्श्वभूमी लागतात, आणि चार शायांतून एकमेकांपासून सुटे दिसणारे दहा रंग काढणं हे पडद्यावर वाटतं त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. पट्ट्या छापून त्या घरातल्या पिवळ्या दिव्याखाली बघाव्यात, कारण खेळ तिथंच होणार. शिवाय काहींना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही. फोटोशॉप, गिंप आणि इंकस्केप तिन्हींत त्यांच्या डोळ्यांनी पान बघायची सोय आहे. जुन्या चिताऱ्यांनी याचं उत्तर आधीच दिलेलं आहे. रंग चुकला तरी मासा मासाच राहतो. नव्या खेळांतले पत्ते नुसत्या रंगावर ओळखायला लावणाऱ्यांनी एकदा सावंतवाडीला जाऊन यावं.

आणि शेवटी कापणी, जिथं पैसे जातात किंवा वाचतात. डिजिटल छपाईचा आपल्याकडचा चालता कागद बारा-अठरा, म्हणजे सुमारे ३०५ बाय ४५७ मिलिमीटर. गंजिफ्याचं पान गोल. ते साध्या कटिंग मशीनवर कापता येत नाही, त्याला डाय बनवून पंचिंग करावं लागतं. पान ७० मिलिमीटरचं ठरवलं आणि चहूबाजूंनी तीन-तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीत जाणारी जादा कड, सोडली की एक घर ७६ चं. कागदावर चार आडवी, सहा उभी घरं म्हणजे ३०४ बाय ४५६. कागद भरला, पण यंत्राला पकडायला आणि कोरी सोडायला कडच उरली नाही. मग तीन बाय पाच, म्हणजे १५ पानं. जोडाला आठ कागद. तेच पान ६४ मिलिमीटरचं केलं तर घर ७० चं, चार बाय सहा म्हणजे २८० बाय ४२०, कडेला ऐसपैस जागा, आणि एका कागदावर २४ पानं. १२० ला बरोबर पाच कागद. सहा मिलिमीटरमध्ये तीन कागद वाचले, पुढच्या-मागच्या छपाईसह आणि लॅमिनेशनसह. शिवाय तिघांत वाटले तर प्रत्येकाच्या हातात ४० गोल पानं येतात. लहान पान हाताला सोसतं. हा हिशेब चित्र काढण्याच्या आधी करायचा असतो, कारण राजाचा हत्ती ७० त मावेल असा काढला आणि पान ६४ चं झालं तर सोंड कापली जाते. ऐन कडेपासून तीन मिलिमीटर आत काहीही महत्त्वाचं ठेवू नये. पंचिंगमध्ये पान मिलिमीटरभर इकडंतिकडं होतंच. मागच्या बाजूला नक्षीची गोल किनार काढायचा मोह टाळावा. ती एका बाजूला जाड, दुसरीकडे बारीक दिसते आणि चाणाक्ष खेळाडू पान पाठीवरून ओळखू लागतो. जुन्या जोडांची पाठ सपाट एकरंगी असते ती बरी.

कागद ३०० किंवा ३५० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन, पेटीला कप्पा बोर्ड. पेटीवर ‘सावंतवाडी गंजिफा’ असं छापण्याआधी मात्र मानांकन नेमकं कशाला मिळालंय ते पाहून घ्यावं. यंत्रावर छापलेल्या जोडाला ते नाव लावणं कारागिरांच्या पोटावर पाय देण्यासारखं आहे. नुसतं ‘दशावतारी गंजिफा’ पुरे.

पाच कागदांचं हे गणित जमलं की एक नवी अडचण उभी राहते. गंजिफ्यात निम्म्या अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. दिवसा खेळ रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून. नव्या खेळाडूला हे लक्षात राहणं अशक्य. त्याच्यापुढे एक माहितीचं पान हवंच. ते १२१वं पान, म्हणजे सहावा कागद. तीन खेळाडूंना तीन माहितीची पानं दिली तरी त्या कागदावरची २१ घरं रिकामी जातात. म्हणून ती माहिती पेटीच्या झाकणाच्या आत छापायची, आणि झाकण टेबलावर उलटं ठेवून खेळायला बसायचं.